गुडघा एकटा नसतो

पन्नाशी उलटली की गप्पांचे विषय बदलतात. मुलांची लग्नं झाली की गुडघे सुरू होतात. 'आता काय, वय झालं,' असं म्हणत एकेक गोष्ट सुटत जाते. आधी पंगतीतली मांडी सुटते, मग एसटीची पायरी नकोशी होते, मग जिना. कुणाची देवळातली प्रदक्षिणा थांबते. आमच्या मशिदीतही आता खुर्च्यांची ओळ दिसते. खुर्चीवर बसून नमाज पढण्यात गैर काही नाही, आजाऱ्याला ती सवलत आहेच. तरी सजद्यात कपाळ जमिनीला टेकत नाही याची रुखरुख मला ठाऊक आहे. दुखतो गुडघा, पण आक्रसतं ते जगणं.

माझे गुडघे सात-आठ वर्षं दुखताहेत. एक्स-रेमध्ये झीज दिसली. एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आधी एका पायावर उभं राहायला सांगितलं. चार आकडे मोजून होईतो मी भिंत धरली. त्या म्हणाल्या, "गुडघा बिचारा मधला. वर खुबा, खाली घोटा. हे दोघे आणि मांडीचे स्नायू ढिले पडले की सगळा भार त्याच्यावर."

हे नीट समजून घ्यायला हवं. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. भार पडला आणि सुटला की स्पंजासारखं तिच्यातून द्रव आत-बाहेर होतं आणि त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणून गुडघ्याला नुसती विश्रांती मानवत नाही. शिवाय पाय कुठे आहे, किती वाकला आहे, ही खबर सांध्यांतून आणि स्नायूंतून मेंदूला सतत जात असते. दुखण्यामुळे आणि वयानं ती मंदावते. मग पाऊल चुकीचं पडतं आणि दुखणं वाढतं. तोल सांभाळण्याचे व्यायाम ही खबर पुन्हा तल्लख करतात.

डेन्मार्कमध्ये २०१३ सालापासून अशा व्यायामांचे वर्ग रुग्णांसाठी चालतात. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०४ गुडघेदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला ताई-ची हा संथ, तोल राखण्याचा चिनी व्यायाम दिला, दुसऱ्याला फिजिओथेरपी. बारा आठवड्यांनी दोघांनाही जवळपास सारखाच आराम पडला होता.

घरी काय करायचं? पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून सावकाश उठा-बसा, दहा वेळा. गुडघे आत वळू देऊ नका, ते पावलांच्या रेषेत हवेत. नंतर स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून एकेका पायावर दहा आकडे उभे राहा. शेवटी ओट्याच्या कडेनं, फरशीच्या सांध्यावरून टाचेपुढे टाच ठेवत चाला. चक्कर येत असेल तर जवळ कुणीतरी असू द्या.

करताना थोडं दुखेल. ते दुसऱ्या दिवसापर्यंत मूळपदावर आलं तर भिऊ नका. सूज किंवा कळ वाढली तर प्रमाण कमी करा. वजन जास्त असेल तर तेही उतरवा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

माझी झीज भरून आलेली नाही, येणारही नाही. पण तीन महिन्यांनी भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढू लागलो. फजरच्या नमाजला खुर्ची लागेनाशी झाली. कुणाला याहून कमी, कुणाला जास्त गुण येईल. काहींना शस्त्रक्रियाही लागेल. तेव्हासुद्धा बळकट मांड्या कामीच येतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, मध्येच अडकला, किंवा पडल्यावर पाय टेकवेना, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी उद्यापासून पंधरा मिनिटं काढावीत. औषधाची गोळी चुकली तर आपल्याला चुटपुट लागते. तशीच या पंधरा मिनिटांची लागू द्या.