डोक्याला मार लागला, तर कुस्ती कोणी थांबवायची?



३१ जानेवारी २०२५ चा सामना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आपल्या शेजारच्या मावळ तालुक्यात, गहुंजेच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी होती. भारताच्या डावातल्या शेवटच्या षटकात जेमी ओव्हर्टनचा उसळता चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. फिजिओने तपासलं, दुबे उरलेला चेंडू खेळला, पण नंतर क्षेत्ररक्षणाला काही तो उतरला नाही. त्याच्या जागी हर्षित राणा आला, त्याने तीन बळी घेतले आणि आपण जिंकलो. मग वाद पेटला. अष्टपैलू फलंदाजाच्या बदल्यात वेगवान गोलंदाज कसा चालतो, असं इंग्लंडच्या कर्णधाराने उघड विचारलं. प्रश्न रास्त होता. पण त्या गदारोळात एक गोष्ट कोणीच बोललं नाही, आणि आज मला तीच बोलायची आहे. डोक्याला मार लागलेला माणूस बाहेर बसला म्हणून त्याच्या संघाचं काही बिघडलं नाही. ऑगस्ट २०१९ पासून क्रिकेटने ही सोय नियमात घातली आहे: डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू घ्या. खरं सांगून बाहेर बसणाऱ्याचं नुकसान होऊ नये, एवढाच तिचा अर्थ.

आता गहुंजेहून आपल्या मुळशीत या. जत्रांचे दिवस आहेत. पालखी झाली, छबिना झाला, दुसऱ्या दिवशी दुपारी हलगी वाजायला लागते. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभरावर, पाचशेवर, हजारावर, आणि ऊन उतरताना मोठी इनामाची कुस्ती. एका पैलवानाने ढाक मारली, समोरचा डोक्यावर आला. क्षणभर तो उठत नाही. मग काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. तोंडावर पाणी मारतात, कोणी कांदा फोडून नाकाशी धरतं, पाठीवर थाप पडते, "ऊठ, काही झालं नाही!" तो उठतो. लोक टाळ्या वाजवतात. कुस्ती पुन्हा लागते.

मेंदूच्या आजारांचा डॉक्टर म्हणून त्या टाळ्यांची मला भीती वाटते.

मेंदू कवटीला चिकटलेला नसतो. तो सव्वा-दीड किलोचा मऊ गोळा पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं किंवा झटक्याने वळलं की कवटी थांबते, मेंदू मात्र आत हलतच राहतो, पिळवटतो, त्याच्या पेशींचे बारीक धागे ताणले जातात. याला इंग्रजीत कन्कशन म्हणतात. त्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, रक्त यावं लागत नाही, आणि सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ येतो. "स्कॅन नॉर्मल आहे, खेळू द्या" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. स्कॅन रक्तस्राव आहे का ते सांगतो. ताणलेला धागा त्यात दिसत नाही.

खरा घात रक्तस्रावाचा. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामधली रक्तवाहिनी फुटली, तर काही जण आधी बेशुद्ध होतात, मग शुद्धीवर येतात, बोलतात, पाणी मागतात. आत रक्त साचत असतं. तासा-दोन तासांनी डोकं असह्य दुखतं, उलट्या होतात, एक बाजू लुळी पडते. मधल्या वेळात तो बरा दिसतो आणि लोक त्याला टेम्पोत बसवून घरी पाठवतात. हा रक्तस्राव वेळेत काढला तर माणूस चालत घरी येतो. उशीर झाला तर येत नाही. ताम्हिणीकडच्या किंवा धरणापलीकडच्या एखाद्या गावात हे घडलं, तर पौडचं ग्रामीण रुग्णालय, पिरंगुटचा घाट, भूगाव, चांदणी चौक, आणि मग पुण्यात मेंदूचा सर्जन. त्या रस्त्यावर जत्रेच्या संध्याकाळी काय गर्दी असते ते मी तुम्हाला सांगायला नको. मैदानाजवळ गाडी उभी आहे की फोन केल्यावर यायची आहे, यावर एका पोराचा जीव ठरतो.

कबड्डी यापेक्षा निराळी नाही. पकडीत गुडघा कानशिलावर बसतो, दोन बचावपटू एकाच वेळी झेपावतात आणि डोक्याला डोकं लागतं, डॅश मारून चढाईपटूला बाहेर फेकलं की तो कुठे आदळेल याचा नेम नसतो. गावात अजून कितीतरी सामने कडक जमिनीवर होतात. कुस्तीत डोक्यापेक्षा मान जास्त धोक्यात असते, हेही सांगितलं पाहिजे. २०१८ साली कोल्हापूर जिल्ह्यात जत्रेच्या मैदानात मानेला मार लागून विशीतला एक मल्ल काही दिवसांनी गेला. मान आणि डोकं एकत्रच आपटतात. म्हणून डोक्यावर पडलेल्या पैलवानाला बगलेत धरून उभा करणं ही मदत नव्हे. त्याला हलवू नका, मान जिथे आहे तिथेच धरून ठेवा.

मग जबाबदार कोण?

समोरचा पैलवान? नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ८७व्या कलमाखाली एक उदाहरण दिलं होतं: दोघांनी करमणुकीसाठी तलवारबाजी करायचं ठरवलं, नियमाने खेळताना एकाकडून दुसऱ्याला इजा झाली, तर तो गुन्हा नाही. दोघांची संमती गृहीत आहे. आताच्या भारतीय न्याय संहितेत तेच २५वं कलम आहे. यात दोन अटी आहेत आणि त्या आपण विसरतो. एक, खेळ सरळ हवा. दुसरी, संमती देणारा अठरा वर्षांवरचा हवा. आपल्या मैदानात पंधरा-सोळा वर्षांची पोरं अंगाला माती लावून उतरतात. त्यांची संमती आपण कोणाकडून घेतली?

पण मला संमतीबद्दल याहून खोल शंका आहे. मैदानात उतरताना पैलवानाने धोका पत्करला, हे मान्य. पण डोक्याला मार लागल्यानंतर "मी खेळतो" असं जो म्हणतो, तो निर्णय कुठल्या अवयवाने घेतो? ज्याला मार लागला आहे त्याच. गुडघा दुखावलेला खेळाडू आपल्या गुडघ्याबद्दल खरं सांगू शकतो. मेंदू दुखावलेला खेळाडू आपल्या मेंदूबद्दल सांगू शकत नाही, आणि त्याला वाटतं आपण अगदी ठीक आहोत. म्हणून तो शूर आहे की नाही हा प्रश्नच तिथे गैरलागू आहे. त्याला विचारूच नये.

वस्तादाकडे यातली किल्ली आहे. पोराचा स्वभाव, बोलणं, चाल तोच ओळखतो. पोरगं दोनदा तेच विचारतंय, डाव विसरतंय, उगाच चिडतंय, हे आईनंतर त्यालाच दिसतं. पण त्याच्याही तालमीचं नाव पणाला लागलेलं असतं. जो जिंकण्या-हरण्यात गुंतला आहे त्याच्या एकट्याच्या शब्दावर हे सोडू नये.

उरले आयोजक. यात्रा कमिटी, मंडळ, क्रीडा संस्था. माझं स्पष्ट मत आहे की जबाबदारी इथेच येऊन थांबते.

या बाबतीत इंग्लंडमधला एक निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. २१ सप्टेंबर १९९१ ला लंडनमध्ये मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक यांची मुष्टियुद्धाची लढत झाली. बाराव्या फेरीत पंचाने ती थांबवली आणि वॉटसन कोसळला. डॉक्टर त्याच्याजवळ पोहोचेपर्यंत सात मिनिटं गेली. रिंगजवळ श्वास चालू ठेवण्याची नीट सोय नव्हती. त्याला ज्या रुग्णालयात नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती, म्हणून दुसरीकडे हलवावं लागलं. तो चाळीस दिवस कोमात होता. त्याने दावा लावला तो युबँकवर नाही. तिथल्या मुष्टियुद्ध नियामक मंडळावर लावला. मंडळ म्हणालं, आम्ही लढत भरवलीच नाही, आम्ही फक्त नियम करतो. अपील कोर्टाने डिसेंबर २००० मध्ये सांगितलं: वैद्यकीय नियम तुम्ही केलेत, मुष्टियोद्धे तुमच्यावर विसंबून रिंगमध्ये उतरले, तेव्हा रिंगशेजारी योग्य उपचार असण्याची काळजी घेणं तुमचं कर्तव्य होतं. हा वॉटसन २००३ साली लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालत पूर्ण करून आला, आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्यासोबत युबँक होता. ज्याच्या ठोशाने सगळं झालं त्याच्याशी त्याचं वैर नव्हतं.

अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग त्या मंडळापेक्षा पैशाने कितीतरी मोठी, पण हा प्रश्न तिलाही चुकला नाही. माईक वेबस्टर हा नावाजलेला खेळाडू २००२ मध्ये हलाखीत वारला, डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि वर्षानुवर्षांच्या आघातांनी झालेला ऱ्हास २००५ मध्ये जगासमोर मांडला. लीग बरीच वर्षं नाकारत राहिली. शेवटी हजारो माजी खेळाडूंनी दावे लावले आणि २०१३ मध्ये ७६.५ कोटी डॉलरची तडजोड ठरली. २०१७ चा एक आकडा तुम्ही वाचला असेल: तपासलेल्या १११ मेंदूंपैकी ११० मध्ये हा आजार सापडला. त्यावरून प्रत्येक खेळाडूला तो होतो असं समजू नका. ज्यांच्यात लक्षणं दिसली होती अशांच्याच कुटुंबांनी बहुतेक मेंदू दिले होते. पण लहान लहान आघातांची बेरीज होते, एवढं आता कोणी नाकारत नाही.

आपल्याकडेही कायदा आयोजकाच्या दारात येऊ लागला आहे. जुलै २०२२ मध्ये बंगळुरूला किकबॉक्सिंगच्या लढतीत डोक्याला मार लागून विशीतला तरुण गेला, पोलिसांनी आयोजकावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला. त्याच वर्षी विलेपार्ल्यात दहीहंडीच्या थरावरून पडून एक गोविंदा दगावला, तिथेही आयोजकावर गुन्हा दाखल झाला. गोविंदांना त्या वर्षी सरकारने विमा दिला, चांगलं केलं. पण गुन्हा आणि विमा दोन्ही माणूस पडल्यानंतरचे. मला पडण्याआधीचं बोलायचं आहे.

आणि ते मुळशीतच बोलायचं आहे, कारण कुस्तीला शिस्त लावण्याच्या कामात या तालुक्याचा वाटा मोठा आहे. मुठा गावच्या मामासाहेब मोहोळांनी राज्य कुस्तीगीर परिषदेसाठी आयुष्य वेचलं. महाराष्ट्र केसरीची गदा आजही त्यांच्या स्मरणार्थ दिली जाते. २०१७ ची महाराष्ट्र केसरी आपल्या भूगावात झाली, अभिजित कटकेने किरण भगतला हरवलं, ती गर्दी तुम्ही विसरला नसाल. २०२५ मध्ये तर मुळशीच्याच पृथ्वीराज मोहोळने गदा आणली. गुण, वजनगट, पंच हे सगळं एकेकाळी गावच्या मैदानाला नवं होतं. तेव्हाही लोक म्हणाले असतील की याने कुस्तीची मजा जाईल.

आता क्रिकेटच्या त्या बदली खेळाडूच्या नियमाकडे पाहू. कबड्डीच्या संघात बारा जण असतात, सात मैदानात, पाच राखीव. मार लागलेल्याला बसवायला कबड्डीला काही अडचणच नाही, फक्त कोणीतरी "बस" म्हणायचं आहे. कुस्तीत मात्र बदली नाही. कुस्ती सोडली की हार, इनाम गेलं, पुढच्या गावात जोड लागताना भाव उतरला. अशा वेळी पैलवान खरं बोलेल ही अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. म्हणून माझी सूचना पैशाची आहे. कमिटीने आधीच भोंग्यावरून जाहीर करावं: डोक्याला किंवा मानेला मार लागल्यामुळे डॉक्टरने थांबवलेली कुस्ती बरोबरीत धरली जाईल, इनाम दोघांना निम्मं-निम्मं मिळेल, आणि थांबवलेल्या पैलवानाला पुढच्या वर्षी त्याच इनामावर पहिली जोड दिली जाईल. गावच्या मैदानाचे नियम गावच ठरवतं. याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

"डॉक्टरने" म्हणालो, कारण तो निर्णय अशा माणसाचा हवा ज्याचा कुठल्याच तालमीशी संबंध नाही. पंचाने थांबवायचं आणि डॉक्टरचा शब्द शेवटचा. तालुक्यातले डॉक्टर एका दुपारसाठी येतील, मी स्वतः येईन. डोक्याच्या दुखापतीची लक्षणं ओळखण्यासाठी सामान्य माणसाला वापरता येईल असं छोटं पत्रक जगभरच्या तज्ज्ञांनी तयार केलं आहे. ते मराठीत करून प्रत्येक तालमीच्या भिंतीवर लावता येईल. त्यातली मुख्य गोष्ट इतकी साधी आहे की ती आत्ताच सांगतो. शंका आली की त्या दिवशी पुन्हा खेळायचं नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, मग शाळेतल्या पोराने आधी अभ्यासाला बसून पाहायचं, मग हळूहळू जोर-बैठका, आणि अंगाला अंग लागणारी लढत सगळ्यात शेवटी, डॉक्टरने पाहिल्यावर. घाई केली आणि बरं व्हायच्या आत दुसरा मार बसला, तर क्वचित का होईना, मेंदूला एकदम सूज येऊन कोवळं पोरगं हातचं जातं.

दुसरी मागणी वहीची. वर्गणी किती आली, इनामाला किती गेले, हलगीवाल्याला किती, मंडपाला किती, हे कमिटी चोख लिहिते आणि देवळात वाचून दाखवते. त्याच वहीत एक पान दुखापतींचं असावं: कोणाला, कुठे लागलं, कुठल्या डावात, पुढे काय झालं. पाच-सात गावांनी पाच वर्षं हे लिहिलं, तर कोणता डाव पोरांच्या कुस्तीत बंद करायचा हे आपल्याला अंदाजाने ठरवावं लागणार नाही.

अठरा वर्षांखालच्यांसाठी माझा आग्रह जास्त आहे. त्यांच्या कुस्तीत डोक्यावर आपटणारी फेक पंचाने बाद ठरवावी आणि पालकाला आधी समोर बोलावून धोका सांगावा. रेवड्यांच्या कुस्तीला उतरणाऱ्या पोरापासूनच ही सवय लागली पाहिजे, कारण "ऊठ, काही झालं नाही" हेही तो तिथेच पहिल्यांदा ऐकतो.

खर्चाचं म्हणाल, तर मोठ्या मैदानाच्या इनामात दिवसभर एक रुग्णवाहिका उभी ठेवण्याचे पैसे सहज निघतात. शेवटच्या कुस्तीचं इनाम तेवढ्याने कमी करा. पत्रिकेत आमदारांच्या नावाखाली डॉक्टरचं नाव आणि गाडीचा नंबर छापा. या वर्षीच्या ज्या जत्रा अजून व्हायच्या आहेत, त्यांच्या कमिटीतली माणसं आज इथे बसली आहेत. व्याख्यान संपल्यावर मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला थांबतो. तुमच्या जत्रेची तारीख मला लिहून द्या.