लाकडात उमटलेलं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, तालमीतली भाषा कधी कान देऊन ऐकली आहे का? 'तालीम' हा शब्दच अरबी, अर्थ शिकवण. 'वस्ताद' म्हणजे फारसीतला 'उस्ताद'. 'कुस्ती' आणि 'पैलवान' हेही फारसीतून आलेले. 'जोर-बैठका'मधला जोर फारसी आणि बैठक आपली मराठी. कोपऱ्यात मारुती उभा, त्याच्या खांद्यावरची 'गदा' मात्र संस्कृत. पोरानं डाव बरोबर टाकला की वस्ताद पाठीवर थाप मारून म्हणतो, "शाबास!" तो शब्द मूळचा 'शादबाश', म्हणजे आनंदात राहा. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान माणूस. तुमची भाषा नेमकी कोणती, असं कुणी विचारलं की मी त्याला तालमीत पाठवतो.

'बक्षीस' हा शब्दही फारसी. आज मला बोलायचंय ते बक्षिसाबद्दलच. मोठ्यांच्या नव्हे, लहान मुलांच्या.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या यात्रांमध्ये दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा भरतो. सुरुवात चिल्ल्यापिल्ल्यांच्या जोडींनी. त्यांच्या कुस्त्या रेवडीवर आणि नारळावर लागायच्या. पोरगं जिंको की हरो, रेवडी दोघांच्याही गालात असायची. ऊन उतरलं की मोठ्या जोडी यायच्या. मग रोख इनाम, फेटा, पितळेची घागर नाहीतर हंडा. भांड्याच्या दुकानात नाव घालून देणारा माणूस बसलेला असे. त्याच्या छिन्नीची टकटक आठवते ना? देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. भांडं घासून घासून पातळ व्हायचं, पण नाव टिकायचं. आजही जुन्या घरातली मांडणी नीट पाहिली तर घराण्याचा निम्मा इतिहास त्या भांड्यांवर वाचायला मिळतो.

मोठ्या मल्लांच्या मानाची खूण म्हणजे गदा. 'महाराष्ट्र केसरी'चा किताब १९६१ पासून दिला जातो. त्यातली चांदीची गदा आपण वर्तमानपत्रात दरवेळी पाहतो. चांदीचा असतो तो वरचा पत्रा. आतला गाभा सागवानी लाकडाचा. पत्रा चमकतो, पण घाट आणि भार देतं ते लाकूड, आणि ते सुतारानं घडवलेलं असतं.

पुढे तालुक्याच्या गावांतही कराटेचे वर्ग आले. पांढरा पोशाख, रंगीत पट्टे, जपानी आकडे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी 'रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' सुरू झालं, तेव्हा आडगावच्या मुलीही मैदानात उतरल्या. चांगलीच गोष्ट झाली. पण बक्षिसांच्या बाबतीत मात्र घसरण झाली, असं माझं मत आहे. सोनेरी मुलामा दिलेले प्लॅस्टिकचे कप आले. ते डझनावारी मिळतात. खाली एक चिकटपट्टी, तिच्यावर 'प्रथम क्रमांक'. कुणाचा, कशात, कुठं, काही नाही. दोन पावसाळ्यांत मुलामा उडतो, पट्टी गळून पडते, आणि कप माळ्यावर जातो.

डिंभ्याला मी वेगळं पाहिलं, म्हणून हा विषय घेतला. डिंभे म्हणजे घोड नदीवरचं धरण, कुकडी प्रकल्पातलं. जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनूंचं. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईत गिरणीकामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाची गाडी अडवताना त्यांनी प्राण दिले. एवढ्या पाण्याला एका साध्या कामगाराचं नाव मिळालं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच पाण्याखाली कितीतरी आदिवासी वस्त्या गेल्या, हेही खरं. ज्या गावानं तालुक्याला नाव दिलं, ते जुनं आंबेगावच बुडालं. तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावात आणि मूळ गाव पाण्यात. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुने अवशेष वर येतात आणि म्हातारी माणसं बोट दाखवून सांगतात, आमचं घर तिथं होतं.

अशा घरांतली मुलं काठावरच्या शाळांत शिकतात. कुणाचे वडील जलाशयात मासेमारी करतात, कुणी उतरत्या पाण्यामागे गाळपेर करतं, कुणी हिरडा गोळा करतं. त्यातल्या वीस-बावीस मुलामुलींना एक तरुण शिक्षक संध्याकाळी कराटे शिकवतो. वर्षअखेरीला बक्षिसं द्यायची ठरली तेव्हा कपांना पैसे नव्हते. शेजारच्या सुतारमामांकडे दाराच्या फळ्यांचे उरलेले तुकडे होते. त्यातून कल्पना निघाली की लाकडाच्या पाट्या करायच्या आणि तापलेल्या सळईनं जाळून त्यावर नावं काढायची. मी मराठी घेऊन बीए झालेला, म्हणून नावांचं शुद्धलेखन तपासायला मला बोलावलं. "भाई, एकदा डाग पडला की पुसता येत नाही," मामा म्हणाले, "तेवढं बघून द्या."

तसं पाहिलं तर ही कला आपल्याकडे नवी नाही. बासरीची भोकं तापलेल्या सळईनंच पाडतात. मामांची सळई विजेची, रेडिओ दुरुस्तीवाले सोल्डरिंगला वापरतात तसली. लाकूड साधारण दोनशे अंशांच्या पुढे तापलं की तपकिरी होऊ लागतं, आणखी तापलं की काळं पडतं. रंग कुठलाही लावायचा नाही. फिक्या तपकिरीपासून काळ्यापर्यंतच्या छटा मिळतात त्या हाताच्या वेगानं. हात थांबला की तिथं काळा ठिपका बसलाच. म्हणून मामा सळई टेकवायच्या आधीच हात हलवायला लागतात आणि उचलतानाही हलत्या हातानंच उचलतात. मुलांना मुक्का शिकवताना त्यांचे सर जे सांगतात, तेच हे.

आपली देवनागरी या कामात चांगलीच परीक्षा घेते. शिरोरेषा लाकडाच्या रेषेबरोबर जाते, तेव्हा सळई रेषेत घसरू पाहते. काना रेषेला आडवा जातो, तेव्हा मऊ भाग पटकन जळतो आणि कठीण भाग मागे राहतो. सागाच्या ठळक रेषांत बारीक अक्षर बिघडतं. शिवणीचं लाकूड फिकं आणि मऊसर, त्यावर ते छान उठतं. प्लायवूड किंवा रंग दिलेलं लाकूड मामा हातात घेत नाहीत, कारण त्यातल्या गोंदाचा आणि रंगाचा धूर छातीला वाईट. सळई मुलांच्या हातातही देत नाहीत. मुलांनी पाट्या घासायच्या आणि तेलाचा बोळा फिरवायचा. आणि जंगलातलं लाकूड तर नाहीच. वर भीमाशंकरचं अभयारण्य आहे, शेकरूचं घर. मुलांच्या कौतुकासाठी झाड तोडायचं कारण नाही, घरोघरी तुटके पाट आणि मोडकी दारं पडलेली असतात.

नावं तपासायला मी हजेरीपट घेऊन बसलो, पण हजेरीपट पुरेना. म्हटलं, एकेका मुलाला बोलावून विचारू. तेव्हा कळलं की तीन मुलांची नावं कागदावर एक आणि घरी एक आहेत. एकाचं आडनाव कुणीतरी कधीतरी चुकीचं लिहिलं होतं आणि तेच पुढच्या प्रत्येक दाखल्यावर चालत आलं होतं. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "चाचा, माझ्या आईचं नाव घालता येईल का?" १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या नावाआधी आईचं नाव लावण्याचा निर्णय आपल्या सरकारनं घेतला आहे. ही मुलगी त्याच्या आधी जन्मलेली, तिच्या दाखल्यावर ते नाही. पण पाटीला कुठला नियम आडवा येणार? मामांनी सळई तापवली. स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं. पाटी लांबडी करावी लागली, एवढंच.

दुसरा एक मुलगा म्हणाला, गाव आजीचं घाला. आजीचं गाव पाण्यात आहे. सरांना वाटलं, नसलेलं गाव कसं लिहायचं? मामा म्हणाले, "नसलेलं कसं? बुडालंय." आणि त्यांनी ते लिहिलं. नकाशात, एसटीच्या पाटीवर, कुठंच न सापडणारं ते गाव आता एका दहा वर्षांच्या मुलाच्या भिंतीवर आहे. मुलाला त्या गावाबद्दल कुणी ना कुणी विचारणारच, आणि त्याला ते सांगावं लागणार.

आता एक आक्षेप. पाट्या सगळ्यांना दिल्या. एका पालकांनी सरळ विचारलं, सगळ्यांनाच बक्षीस, मग जिंकण्याला अर्थ काय? प्रश्न रास्त आहे. सगळ्यांना एकसारखी पाटी दिली असती तर मीही हेच विचारलं असतं. पण सरांनी प्रत्येकाच्या नावाखाली एक ओळ घातली होती, आणि कुठलीच ओळ दुसऱ्यासारखी नव्हती. एकाला 'एकही तास न चुकवल्याबद्दल'. दुसऱ्याला 'लहानांना पट्टा बांधायला शिकवल्याबद्दल'. एका मुलीला 'हरल्यावर आधी नमस्कार केल्याबद्दल'. आणि जो पहिला आला त्याला 'पहिला'. ती ओळ लिहायची तर वर्षभर मुलाकडे पाहिलेलं असावं लागतं. बाजारातून आणलेल्या कपाला ते कुठून जमणार?

जपानातल्या जुन्या पद्धतीच्या कराटे-ज्युदो शाळांत भिंतीवर लाकडी पट्ट्या टांगतात. 'नाफुदा' म्हणतात त्यांना. एका पट्टीवर एका विद्यार्थ्याचं नाव. विद्यार्थी पुढे सरकला की पट्टीची जागा बदलते. १८८२ साली कोदोकान ही ज्युदोची शाळा काढणाऱ्या जिगोरो कानो यांनी काळ्या पट्ट्याची पद्धत सुरू केली. तो कमरेचा पट्टा जगभर गेला, पण भिंतीवरची लाकडी पट्टी बरीचशी तिथंच राहिली. डिंभ्याच्या सुतारमामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी दोन्हीकडे एकच गोष्ट सुचली, की शिकणाऱ्याचं नाव लाकडावर असावं.

नावाला एवढं महत्त्व का, असं वाटेल. खाशाबा जाधवांची आठवण करा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या जाण्यासाठी गावानं वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले. १९८४ साली खाशाबा गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, मरणोत्तर. देशानं शाबास म्हणायला इतका उशीर केला. पण गावानं केला नव्हता. ते परतले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. मोठे पुरस्कार मोठ्या कचेऱ्यांतून निघतात, त्यांना वेळ लागतो. जवळच्या माणसाची शाबासकी त्याच संध्याकाळी मिळू शकते, आणि लहान वयात तिचीच गरज जास्त असते.

डिंभ्याच्या त्या मुलींपैकी काही पुढच्या वर्षी वर्गाला येतील, काही येणार नाहीत. आठवीनंतर 'आता मोठी झालीस' म्हणून घरी बसवणारी घरं अजून आहेत, माझ्याही समाजात आणि इतरांच्याही. लाकडाची एक पाटी ते थांबवील, असा माझा दावा नाही. पण घराच्या भिंतीवर मुलीचं नाव, तिच्या आईच्या नावासकट, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असं लावलेलं असलं, तर तिला बसवणाऱ्याला निदान ते वाचून मगच बोलावं लागेल.

तुमच्या गल्लीत, शाळेत, मंडळात यंदा मुलांना काही द्यायचं असेल तर एवढं करा. गावात एखादा सुतार शोधा. आणि मुलाचं नाव हजेरीपटावरून उतरवू नका. मुलालाच विचारा.