परतीचा माल

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात, नागपूर मुक्कामी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वर्षी याच मंडपात आपल्या दोघा तरुण ज्ञातिबांधवांनी आम्हांस गाठून विचारले होते की, मालवाहू विमानांच्या एका नव्या उद्योगात घरचे भांडवल घालावे किंवा कसे. त्या वेळी पंगतीची घाई होती, आणि आम्ही अर्धवट उत्तर देऊन मोकळे झालो. ते उत्तर पुरते करावे एवढ्यासाठी आज आम्ही उभे आहो. आमचे आयुष्य मुंबईच्या विमानतळावर लोकांच्या पेट्या जकातीतून सोडविण्यात गेले. विमाने आम्ही चालविली नाहीत. परंतु ती रिकामी परत जाताना पुष्कळ पाहिली आहेत.

नागपुरास हा विषय नवा नाही. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, ती याच गावास मध्यबिंदू धरून. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि विमाने पुन्हा चारी दिशांस निघत. त्याच वर्षी सरकारने देशांतील पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजनाही आणली. युद्धातून उरलेली डाकोटा विमाने त्या काळी स्वस्तात मिळत, तीच या कामी लावली गेली. आमच्या वडिलांच्या पिढीतील पुष्कळांस त्या रात्रीच्या घरघरीची आठवण होती.

ही सेवा १९७३ मध्ये बंद झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी अमेरिकेतील मेंफिस गावी फ्रेड स्मिथ यांच्या फेडरल एक्स्प्रेसने हाच खेळ मांडला. १४ लहान विमाने आणि २५ शहरे घेऊन ती निघाली. पहिल्या रात्री मिळाली अवघी १८६ पुडकी! त्या कंपनीचा पुढे केवढा वृक्ष झाला हे आपण जाणताच. नागपूरने जे चोवीस वर्षे आधी केले होते त्याचे कौतुक मेंफिसच्या वाट्यास गेले, याची आम्हांस नागपूरकर म्हणून थोडी खंत वाटते, ती असो.

पुढे २००९ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी नागपूरलाच केंद्र करून 'डेक्कन ३६०' ही मालवाहू सेवा उभारली. नकाशा तोच, मध्यरात्रीची भेट तीच. विमाने मात्र डाकोटांहून कितीतरी मोठी. २०११ मध्ये ती उड्डाणे थांबली. एकच गाव, एकच कल्पना. मग एकदा ती दोन तपे चालली आणि एकदा दोन वर्षांत का आटोपली?

आमच्या मते याचे उत्तर परतीच्या मालात आहे. मुंबईहून कलकत्त्यास गेलेला उतारू बहुधा परत येतो. पत्रालाही उत्तर येते. म्हणून टपालाचे विमान दोन्ही बाजूंनी भरत असे, आणि गिऱ्हाईक साक्षात टपालखाते. पेटी मात्र गेली की गेली. कारखाना एका गावी, बाजारपेठ दुसऱ्या गावी. जाताना विमान गच्च आणि येताना पोकळ. इंधन मात्र दोन्ही खेपांस जळते. त्यातून ते इंधन वस्तू व सेवा कराच्या बाहेर राहिल्याने प्रत्येक राज्याचा कर निराळा. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड या भागांपुरता तो २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. सवलत खरी, पण रिकाम्या खेपेचे पोट तीवर भरत नाही.

दुसरा प्रतिस्पर्धी तर डोळ्यांस दिसतही नाही. तो म्हणजे उतारूंच्या विमानाचे पोट. खुर्च्यांखालच्या जागेत जाणारा माल हा त्या कंपनीस वरकड मिळकत. विमानाचा बहुतेक खर्च तिकिटांतून आधीच निघालेला असतो. मालवाहू विमानाने मात्र आपला सारा खर्च पेट्यांतूनच काढावयाचा. ही दुसरी बाजू २०२० मध्ये जगाने पाहिली. महामारीने उतारूंची विमाने जमिनीवर बसली, ती पोटे नाहीशी झाली, मालाचे दर आभाळास भिडले आणि काही कंपन्यांनी खुर्च्यांवर पेट्या बांधून नेल्या. त्या दिवसांतील दर पाहून ज्यांनी भविष्य आखले, त्यांस उतारू परतताच पुन्हा जमिनीवर यावे लागले.

कोणी म्हणेल, मग जुनी विमाने घ्यावीत. तसेच करतात. उतारूंच्या सेवेतून निवृत्त झालेले विमान घ्यावयाचे, त्याच्या कुशीत मोठा दरवाजा कापावयाचा, तळ मजबूत करावयाचा. इंडिगोने २०२२ मध्ये अशीच रूपांतरित एअरबस ए-३२१ विमाने आणण्यास प्रारंभ केला; एका विमानात २७ टनांपर्यंत माल मावतो. मालवाहू विमान दिवसाकाठी थोडेच तास उडते, म्हणून स्वस्त व जुने चालते; तथापि जुने इंजिन इंधन अधिक पिते आणि दुरुस्तीस अधिक बसते. हे गणित मालाचा भरवसा असल्याखेरीज जुळत नाही.

ज्यांचे जुळले त्यांच्याकडे पाहा. ब्लू डार्ट १९८३ मध्ये मुंबईत निघाली ती दारोदार पुडकी गोळा करण्यासाठी. तिची स्वतःची विमाने उडू लागली १९९६ मध्ये. तेरा वर्षे तिने आधी माल जमविला! विमान आधी घेऊन माल शोधणे म्हणजे वरात काढून मग वधू पाहण्यासारखे आहे.

परदेशी मालाच्या बाबतीत नागपूरपुढे आणखी एक अडचण आहे. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने परदेशी कंपन्यांच्या अनियमित मालवाहू विमानांना दिल्ली, मुंबई, चेन्नई, कलकत्ता, बंगळूर आणि हैदराबाद हे सहाच विमानतळ मोकळे ठेवले. देशी कंपन्यांस आधार मिळावा हा त्यामागील हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या गावी देशी कंपनीचे विमान येत नाही, तेथील निर्यातदाराने काय करावे? त्याचा माल मालमोटारीने मुंबईस जातो.

मग संधी कोठे? आमचे मत विचाराल तर ती जमिनीवर आहे. विमानात जागेचे मोल असते. ६,००० घन सेंटिमीटर जागा म्हणजे एक किलो असे धरून आकार लावतात, म्हणून हलकी पण फुगीर पेटी व्यापाऱ्यास बुडविते. आपली संत्री जड आणि स्वस्त. विमानाचे भाडे त्यांस सोसणार नाही, हे कडू असले तरी बोलून दाखवितो. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, विजेची नाजूक उपकरणे यांस मात्र सोसते. कोकणचा हापूस विकिरण करून २००७ पासून पुन्हा अमेरिकेस जाऊ लागला, तोही विमानानेच. एकदा वैशाखात औषधांच्या पेट्या धावपट्टीलगत तीन तास उन्हात पडलेल्या आम्ही पाहिल्या. २ ते ८ अंशांत राहावयाचा तो माल, कंपनीचे नाव आम्ही घेत नाही. विमान वेळेवर उडाले, माल वेळेवर पोहोचला, आणि सगळा फेकून द्यावा लागला. शीतगृह, बांधणी, कागदपत्रे, वजन ही कामे जाणणारी माणसे आजही अपुरी आहेत आणि या कामांस विमानाइतके भांडवल लागत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखविले आहे. त्या दोघा तरुणांपैकी एक समोर तिसऱ्या रांगेत बसलेला दिसतो. त्याने त्या उद्योगाचे कागद बरोबर आणले असतील तर भोजनोत्तर आम्ही आणि तो मिळून ते पाहू. जाण्याच्या मालाचा तक्ता त्यात भरगच्च असेलच. परतीच्या रकान्यात काय लिहिले आहे, ते आम्ही प्रथम वाचणार आहो.