कुलूप कुठे ठेवायचे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेले व्याख्यान)



सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये ज्या बडोद्यात कलाभवन काढले, तिथे यंत्राविषयी मराठीत बोलायला संकोच नको. म्हणून आज संगणकाच्या पोटातल्या एका कुलुपाची गोष्ट सांगतो.

समजा, वर्गणीची वही एक आणि लिहिणारे दोघे. दोघांनीही एकूण रक्कम ५००० वाचली. एकाने १०१ मिळवून ५१०१ लिहिले. लगेच दुसऱ्याने आपले ५०१ मिळवून ५५०१ लिहिले. पहिल्याचे १०१ गेले! संगणकात एकाच प्रोग्रॅमचे अनेक धागे, म्हणजे थ्रेड, असेच एका वहीवर काम करतात. उपाय एकच: ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच लिहायचे.

पण हे कुलूप म्हणजेही मेमरीतला एक आकडाच. तो वाचणे आणि बदलणे एका झटक्यात झाले पाहिजे. नाहीतर किल्ली दोघांनाही मिळेल. एचपी कंपनीने १९८६ मध्ये आणलेल्या पीए-रिस्क प्रोसेसरात यासाठी एक आज्ञा होती: आकडा वाचा आणि त्याच क्षणी तिथे शून्य करा. हाती १ आला तर किल्ली तुमची, ० आला तर थांबा. अट अशी, की कुलुपाच्या पत्त्याला १६ ने पूर्ण भाग गेला पाहिजे. ४८०० चालेल, ४८०४ नाही. म्हणून लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीत, त्या यंत्रांपुरती, ४ बाइटच्या कुलुपासाठी १६ बाइटची जागा राखली गेली.

पुढच्या प्रोसेसरांत ही अट सैल झाली. लायब्ररीनेही कुलूप लावण्याची रीत बदलली. तरी १६ बाइटची जागा तशीच ठेवली. का? कारण आधी तयार झालेले प्रोग्रॅम तीच मांडणी धरून चालत होते. ती बदलली असती, तर एकच माहिती जुन्या प्रोग्रॅमने एका जागी शोधली असती आणि नव्या लायब्ररीने दुसऱ्या.

सरकारी नोकरीत मला हे ओळखीचे वाटते. फॉर्मचा नमुना बदलला, म्हणून जुन्या अर्जदाराचा हक्क बुडत नाही. त्याची नोंद सापडलीच पाहिजे, मग त्यासाठी एखादा रिकामा रकाना सांभाळावा लागला तरी चालेल.