विनंतीचा दिवा

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



'रहदारीचे नियम आणि नागरिकत्वाचे शिक्षण' या विषयावर मी आज चार शब्द बोलावेत, अशी आपल्या केंद्रप्रमुखांची इच्छा आहे. नियमांची यादी वाचून दाखविणे मला अवघड नाही. परंतु ती यादी आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेली आहेच. तेव्हा तीच पुन्हा वाचून मी आपला वेळ घेणार नाही. आज मी एका लहानशा दिव्याविषयी बोलणार आहे. हा दिवा दूर अमेरिकेतील खेड्यापाड्यांत स्वयंसेवकांच्या खाजगी मोटारींवर लागतो.

या दिव्याची आठवण मला एका विद्यार्थिनीमुळे झाली. काही दिवसांपूर्वी एका शाळेस भेट दिली असता पाचवीच्या वर्गात रहदारीचा पाठ चालू होता. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब यांना प्रथम वाट द्यावी, असे गुरुजींनी सांगितले. त्यावर एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, माझे काका पुराच्या वेळी माणसे बाहेर काढायला जातात. त्यांनी आपल्या मोटारसायकलीला तसा दिवा लावला, तर लोक त्यांनाही वाट देतील का?" गुरुजी क्षणभर थांबले व माझ्याकडे पाहू लागले. खरे सांगावयाचे तर मलाही तत्काळ नीट उत्तर देता आले नाही. 'नियमात बसत नाही' एवढे मी म्हणालो. मुलगी खाली बसली. पण तिचे समाधान झालेले नव्हते. घरी गेल्यावर हा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला, आणि ज्या देशात हाच प्रश्न रोज उभा राहतो तेथे त्याचे काय उत्तर दिले गेले आहे, हे मी वाचून पाहिले. त्याचा सारांश आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेतील मोठ्या शहरांत पगारी अग्निशामक दले आहेत. लहान गावांत मात्र हे काम बहुतांशी स्वयंसेवकच करतात. ही परंपरा जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन याने 1736 मध्ये फिलाडेल्फिया येथे नागरिकांचे आग विझविणारे मंडळ स्थापन केले होते. पुढे शहरे वाढली, पगारी दले आली. तरी 2020 च्या पाहणीनुसार त्या देशातील अग्निशामकांपैकी सुमारे 65 टक्के माणसे स्वयंसेवकच होती. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी शाळामास्तर. बंब गावातील ठाण्यात उभा असतो आणि माणसे आपापल्या कामावर असतात. आग लागली की कमरेच्या पेजरवर सूचना येते. शेतकरी ट्रॅक्टर तसाच सोडून निघतो, दुकानदार गिऱ्हाइकाची क्षमा मागून निघतो, आणि प्रत्येक जण स्वतःच्या मोटारीत बसून ठाण्याकडे किंवा थेट आगीकडे धाव घेतो. चालक ठाण्यात पोहोचेपर्यंत बंब जागचा हलत नाही. तेव्हा बंबाच्या वेगाइतकेच या खाजगी मोटारी वेळेवर पोहोचण्याला महत्त्व आहे.

येथेच दिव्याचा प्रश्न निर्माण होतो. पुढे चाललेल्या मोटारीतील मनुष्यास मागचा मनुष्य आगीकडे निघाला आहे हे कसे कळावे? न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने यावर एक तोड काढली आहे. स्वयंसेवक अग्निशामकास आपल्या मोटारीवर निळा दिवा लावता येतो आणि स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकातील सभासदास हिरवा. मात्र त्यासाठी दलप्रमुखाची लेखी परवानगी लागते, आणि दिवा पेटवावयाचा तो केवळ संकटाच्या कामावर जात असताना. बाजारात जाताना किंवा लग्नाला जाताना तो पेटविणे गुन्हा होय.

आता या कायद्यातील खरा महत्त्वाचा भाग पाहा. हा निळा दिवा लावल्याने त्या मोटारीचा बंब होत नाही. स्वयंसेवकास वेगाची मर्यादा ओलांडता येत नाही, तांबडा दिवा असताना चौक ओलांडता येत नाही, उलट्या बाजूने मोटार हाकता येत नाही. पुढच्या मनुष्याने बाजूला व्हावे अशी त्या राज्यात अपेक्षा असते. पण ती सौजन्याची अपेक्षा आहे. बंबाला वाट न देणे हा गुन्हा ठरतो. निळ्या दिव्याच्या मोटारीला चालत्या रस्त्यावर वाट दिली नाही, तर तेवढ्यावरून कोणी गुन्हेगार ठरत नाही. हा दिवा एवढेच म्हणतो, 'मी दुसऱ्याच्या संकटाला धावून जात आहे. जमत असेल तर कृपा करून मला पुढे जाऊ द्या.' ही एक विनंती आहे. तीच मोटार अपघाताच्या जागी रस्त्याकडेला थांबून दिवा चमकवीत असेल, तर मात्र इतरांनी वेग कमी करावा व शक्य तेथे बाजूची मार्गिका घ्यावी, असा नियम त्या राज्याने 2016 मध्ये या निळ्या-हिरव्या दिव्यांनाही लागू केला. कारण त्या वेळी रस्त्यावर उतरून काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

सर्व राज्यांचे नियम सारखे नाहीत. मिशिगनमध्ये स्वयंसेवक अग्निशामकांस तांबडा दिवा मिळतो. इंडियाना आणि इलिनॉय येथे निळा. अनेक राज्यांत निळा रंग पोलिसांचा समजला जातो. त्यामुळे एका राज्यातील मनुष्य दुसऱ्या राज्यात गेला की गोंधळतो. ब्रिटनमध्ये निळा दिवा पोलीस, बंब, रुग्णवाहिका इत्यादींसाठी राखलेला आहे. नोंदणीकृत डॉक्टरास तातडीच्या रुग्णाकडे जाताना आपल्या मोटारीवर हिरवा दिवा लावता येतो. पण त्याने रहदारीच्या कोणत्याही नियमातून सुटका मिळत नाही. तेथेही तो दिवा विनंतीच करतो.

आपणांपैकी काहींच्या मनात शंका येईल की, घर जळत असता मनुष्याला वेगाची मर्यादा पाळावयास सांगणे हा निव्वळ कागदी शिस्तीचा हट्ट नव्हे काय? मलाही तरुणपणी तसेच वाटले असते. परंतु एक प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला आहे, तो सांगतो.

मी उपशिक्षक म्हणून एका खेड्यात नोकरीस होतो. वैशाखातील दुपार होती. गावाबाहेरच्या एका मळ्यात कडब्याच्या गंजीने पेट घेतला. विहिरीपासून गंजीपर्यंत माणसांची रांग लागली व हातोहात घागरी-बादल्या जाऊ लागल्या. मीही त्या रांगेत होतो. शेजारच्या वस्तीवरील एका तरुणाने धूर पाहिला आणि तो मोटारसायकलीवरून निघाला. मुलगा मोठा गुणी. कोणाच्याही अडीअडचणीला पहिला धावणारा. त्याने दिवसाढवळ्या पुढचा दिवा लावला होता आणि हॉर्नवरचा हात तो काढीत नव्हता. ओढ्याच्या वळणावर समोरून बैलगाडी आली. गाडीवानाने हॉर्न ऐकला होता. पण एका बाजूला दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूला ओढा, तो गाडी नेणार कोठे? मोटारसायकल खडीवर घसरली. मुलाचा पाय मांडीत मोडला.

त्याचे ओरडणे ऐकून रांगेतील चौघे जण तिकडे धावले. बाज आणली, तिच्यावर घालून त्याला टेंपोपर्यंत नेले, दोघे त्याच्याबरोबर तालुक्याच्या गावी गेले. रांग तुटली. आम्ही उरलेल्यांनी शक्य ते केले. पण दुसरी गंजीही गेली. तो तरुण सावकाश आला असता तर पाच मिनिटांनी पोहोचला असता आणि रांगेत एक मनुष्य वाढला असता. तो पोहोचलाच नाही, आणि रांगेतील चार माणसे कमी झाली. हा हिशेब मी तेव्हापासून विसरलेलो नाही. तो मुलगा पुढे बरा झाला. पण पाय थोडा आखूडच राहिला.

अमेरिकेतही कामावर मृत्युमुखी पडणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंत वाहनांचे अपघात हे एक मोठे कारण आहे, आणि असे अपघात स्वयंसेवकांच्या स्वतःच्या मोटारींनाही झाले आहेत. यावरून त्या कायद्याची कठोरता आपल्या लक्षात येईल. वाटेत पडलेला मदतनीस स्वतःच एक नवे संकट होतो.

येथे पदार्थविज्ञानाचाही एक मुद्दा आहे, तो वरच्या वर्गांना सांगण्याजोगा आहे. दिवसा तांबडा रंग डोळ्यांत भरतो. पण तिन्हीसांजेला अंगणातील जास्वंदीचे फूल पाहा. फूल काळसर दिसू लागते आणि त्याच झाडाची पाने त्यामानाने उजळ वाटतात. मंद प्रकाशात आपला डोळा निळ्या-हिरव्या रंगांना अधिक तीव्रतेने प्रतिसाद देतो. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे दाखवून दिले. रात्रीच्या वेळी निळा दिवा उठून दिसतो, त्याचे एक कारण हे आहे. परंतु अनेक दिवे एकदम व फार प्रखर चमकू लागले, तर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात आणि त्या दिव्यांपाशी रस्त्यावर उभा असलेला मनुष्यच त्याला दिसत नाही. म्हणजे ज्याच्या रक्षणासाठी दिवा, त्यालाच धोका. साधन जितके तीव्र तितके ते उपयुक्त, असे समजणे चुकीचे आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे दिव्याची कथा निराळ्या वाटेने गेली. पुष्कळ वर्षे तांबडा दिवा हे संकटापेक्षा मानमरातबाचे चिन्ह झाले होते. 10 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तांबड्या दिव्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या, आणि 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील असे दिवे काढून टाकण्यात आले. पोलीस, बंब, आपत्तीनिवारण अशा नेमून दिलेल्या कामावरील वाहनांसाठीच ते राखले गेले. खाजगी वाहनावर स्वतःच्या इच्छेने तसा दिवा लावण्यास आपल्या कायद्यात जागा नाही, मग हेतू कितीही चांगला असो. उलट बंबाला व रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दिव्याला लोक मान देतात, तो त्यामागे खरे संकट आहे या विश्वासाने. कोणीही, केव्हाही, कशासाठीही दिवा पेटवू लागला की हा विश्वास ओसरतो; आणि तो ओसरल्याचे मोल शेवटी बाळंतिणीला घेऊन निघालेल्या खऱ्या रुग्णवाहिकेला द्यावे लागते. म्हणून न्यूयॉर्कमध्ये लेखी परवानगीची अट आहे आणि आपल्याकडे मनाई आहे. वाटा दोन असल्या तरी काळजी एकच.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा विषय वर्गात कसा घ्यावा, याविषयी थोड्या सूचना करतो.

एक, शाळेच्या पटांगणात चुन्याने रस्ता व चौक आखावा. काही मुले बैलगाडी, काही एस. टी., काही पादचारी, एक रुग्णवाहिका. भोंग्याचा आवाज येताच प्रत्येकाने कोणत्या बाजूस व्हावे, हे प्रत्यक्ष करवून घ्यावे. अरुंद रस्ताही आखावा. जागा नसेल तेथे काय करावे, हा प्रश्न मुलांनाच सोडवू द्यावा.

दोन, वरच्या वर्गात चर्चा घडवावी : 'मला घाई आहे' आणि 'मला अधिकार आहे' या दोन वाक्यांत फरक कोणता? मुलांनी घरातील, पाणवठ्यावरील, रेशनच्या रांगेतील उदाहरणे द्यावीत.

तीन, गावाचा नकाशा काढून बंब कोठपर्यंत येऊ शकतो, हे मुलांनी पाहून लिहावे. कोठे ट्रॉली कायमची उभी असते, कोठे वाळूचा ढीग पडला आहे, याची यादी ग्रामपंचायतीकडे द्यावी. 112, 101 व 108 हे क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावेत. आणि फोन करताना गावाचे नाव, वस्ती व जवळची खूण क्रमाने सांगण्याचा सराव द्यावा.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे पुन्हा येतो. पुढच्या भेटीत मी तिला असे सांगणार आहे : "बाळ, तुझ्या काकांना आपल्या मोटारसायकलीवर तसा दिवा लावता येणार नाही. दूरच्या एका देशात तुझ्या काकांसारख्या माणसांना तो लावता येतो. पण तेथेही त्यांना चौकात थांबावेच लागते. काकांनी सुखरूप पोहोचावे, हे पुरात अडकलेल्या माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. आणि काका निघाले आहेत हे गावाला ठाऊक असेल, तर दिवा नसतानाही लोक बाजूला होतील."

तिचे काका निघाले आहेत हे गावाला ठाऊक असणे आणि गावाने बाजूला होणे, या दोन्ही गोष्टी शिकवाव्या लागतात. ते शिकविण्याचे काम आपल्याकडे आहे.