चार आठवड्यांचे कसब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. काही आठवड्यांपूर्वी ती पेढे घेऊन घरी आली. टांझानियातील एका सेवाभावी संस्थेत महिनाभर काम करण्यासाठी कंपनीने तिची निवड केली होती. पगार चालू, प्रवासखर्च कंपनीचा आणि संस्थेला काम विनामूल्य. तिने विचारले, "सर, ज्याच्याजवळ कसब आहे त्याने ते गरजवंताला द्यावे, असे तुम्ही वर्गात सांगत होता. ते हेच ना?" मी पेढा खाल्ला आणि उत्तर टाळले. ते टाळलेले उत्तर आज आपल्यासमोर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

या प्रथेचे सर्वांत गाजलेले उदाहरण आयबीएम कंपनीचे. 2008 साली तिने आपल्या नोकरांची स्वयंसेवक पथके घाना, टांझानिया, फिलिपाईन्स, व्हिएतनाम, रुमानिया आणि तुर्कस्तान या देशांत धाडली. निरनिराळ्या देशांतील दहाबारा माणसांचे एक पथक, तीन महिने घरबसल्या पूर्वतयारी, मग चार आठवडे प्रत्यक्ष मुक्काम. औषधनिर्मितीतील फायझर कंपनीने 2003 पासूनच आपली माणसे आरोग्यसंस्थांत काही महिन्यांसाठी पाठविण्यास आरंभ केला होता. अमेरिकेने 1961 साली 'पीस कोअर' काढली, तेव्हा तरुणांना परदेशी पाठविणारे सरकार होते आणि मुक्काम दोन वर्षांचा होता. आता पाठविणारी कंपनी झाली आणि दोन वर्षांचे चार आठवडे झाले.

यात लबाडी आहे असे मी म्हणणार नाही. आयबीएमने स्वतःच उघडपणे सांगितले होते की या योजनेतून तिहेरी लाभ अपेक्षित आहे : तेथील समाजाला मदत, नोकरांना नेतृत्वाचे शिक्षण आणि कंपनीला नव्या बाजारपेठांची ओळख. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. आपल्याकडील कित्येक दानशूर तेवढाही दाखवीत नाहीत. परंतु तीन लाभांपैकी दोन जर पाठविणाऱ्याच्या पदरात पडत असतील, तर त्या व्यवहाराला केवळ दान म्हणता येणार नाही. आणि व्यवहार म्हटला की दोन्ही बाजूंच्या वह्या तपासाव्या लागतात. कंपनीची वही छापील अहवालात वाचावयास मिळते. यजमान संस्थेची वही कोणी छापीत नाही.

ती वही मी एकदा जवळून पाहिली आहे. ग्रामीण आरोग्याचे काम करणाऱ्या एका संस्थेचा मी काही वर्षे विश्वस्त होतो. एका परदेशी कंपनीची सहा मंडळी आमच्याकडे महिनाभर राहिली. माणसे खरोखर चांगली, कष्टाळू; आमच्या भाकरी-पिठल्याची त्यांनी कधी कुरकूर केली नाही. त्यांनी औषधसाठ्याची नोंद ठेवणारी एक सुरेख संगणकीय पद्धत बसवून दिली. पण त्या महिन्यात आमचे दोन कार्यकर्ते दुभाषे म्हणून त्यांच्यामागे फिरत राहिले आणि त्यांची गावभेटीची फेरी बुडाली. ती पद्धत शिकली आमची एकच मुलगी. आठ महिन्यांनी तिला शहरात दुप्पट पगाराची नोकरी मिळाली आणि ती गेली. तिला मी दोष देत नाही, आम्ही देत होतो त्या मानधनात घर चालत नव्हते. त्यानंतर संगणकावर कापड पडले आणि कपाटातली जुनी खतावणी पुन्हा बाहेर आली.

त्या खतावणीकडे पाहताना मला आयबीएमचाच जुना इतिहास आठवला. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना तो ठाऊक आहे. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपली मालकी चाळीस टक्क्यांवर आणावी, असा आग्रह जनता सरकारने धरला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. आयबीएमने ते मानले नाही आणि 1978 साली भारत सोडला. जाताना देशभर तिची शेकडो यंत्रे कार्यालयांतून उभी होती. ती चालती ठेवण्याचे काम 'कॉम्प्युटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन' या, 1975 च्या सुमारास निघालेल्या सरकारी कंपनीने उचलले. कोणाच्या बळावर? आयबीएमच्याच भारतीय अभियंत्यांपैकी अनेकजण तिच्याकडे आले, त्यांच्या बळावर. हात तेच होते. फरक इतकाच की आता त्यांना पगार इथली संस्था देत होती आणि उद्याही देणार होती. याच कंपनीने पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यात रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाची पद्धत उभारली. तिचे पुढे खासगीकरण झाले, तो वेगळा आणि कडू विषय आहे.

कोणी म्हणेल, मग सोलापूरचे डॉ. कोटणीस? त्यांनीही परदेशात आपले कसबच दिले. दिले, पण कसे? जनरल चू ते यांनी नेहरूंकडे मदत मागितली, म्हणून 1938 साली काँग्रेसने पाच डॉक्टर चीनला पाठविले. कोटणीस चिनी भाषा शिकले, तिथल्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्या शिकाऊंना शिकवीत राहिले आणि 1942 साली तिथेच वारले. प्रत्येकाने असे प्राण द्यावेत असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. परंतु मागणी कोणाची होती आणि ते कोणाच्या शिस्तीखाली राबत होते, हे दोन प्रश्न चार आठवड्यांच्या पाहुण्यालाही विचारता येतात.

आपल्या कायद्याविषयीही एक शब्द सांगतो. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. नोकरांनी दिलेल्या तासांची किंमत लावून ती या दोन टक्क्यांत धरता येत नाही, असा खुलासा सरकारने केला आहे. आणि परदेशात केलेले कामही, खेळाडूंच्या प्रशिक्षणासारखा अपवाद वगळता, त्यात बसत नाही. कंपनी कायद्याची स्तुती करण्याची पाळी माझ्यावर सहसा येत नाही, पण हा नियम शहाणपणाचा आहे. तासाचा भाव ठरविणारी कंपनी, तास मोजणारीही कंपनी; असा हिशेब कोणताही लेखापरीक्षक मान्य करणार नाही.

आता माझ्या विद्यार्थिनीकडे येतो. तिने जाऊ नये, असे मला वाटत नाही. गेल्या आठवड्यात मी तिला पत्र लिहिले. त्यात लिहिले की त्या संस्थेने नेमके काय मागितले होते, ते मूळ पत्र कंपनीकडून मागून घे. तुझ्या व्यवस्थापकाने केलेला गोषवारा नको. तुझ्याकडून काम शिकणाऱ्या तिथल्या माणसाचा दोन वर्षांचा पगार कंपनी देईल का, हे निघण्यापूर्वी लेखी विचार. तुम्हा सर्वांच्या विमानभाड्याच्या मानाने ती रक्कम डोळ्यांत भरणारी नसावी. आणि तुझ्या कार्यालयात ज्यांनी जाण्यास नकार दिला, त्यांची बढती अडते का, याचीही चौकशी कर. ती अडत असेल तर 'स्वयंसेवक' हा शब्द खोडावा लागेल.

काल तिचा दूरध्वनी आला होता. पगाराचा प्रश्न तिने विचारला आहे. व्यवस्थापकाने 'वर कळवतो' म्हटले आहे. तिचे विमान पुढल्या महिन्याच्या नऊ तारखेचे आहे.