गुलखैरा आणि अंबाडी

(हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या वर्षी आपल्यातल्याच एका ताईंनी वर्तमानपत्राच्या पुडीत मला गुलखैऱ्याचे, म्हणजे हॉलीहॉकचे, बी दिले. “वसतिगृहाच्या अंगणात लावा,” म्हणाल्या. खरे सांगते, मी ते नाखुशीनेच घेतले. मुलींच्या ताटात हिरवी भाजी पुरत नाही, तिथे फुले कशाला?

निम्मे बी मी जूनमध्ये पेरले आणि गमावले. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. साचलेल्या पाण्यात मुळे कुजली. वाचलेली रोपे घाईने उपटून उंचावर लावली, तीही गेली. या झाडाचे सोटमूळ सरळ खाली जाते, त्याला हलवलेले सोसत नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर उरलेले बी जागच्या जागी टोकले, अर्धा इंच खोल, दीड-दीड फुटावर. दोनेक आठवड्यांत उगवले. फेब्रुवारीअखेर पुरुषभर उंच दांडे झाले आणि फुले खालून वर उमलत गेली. पानांवर तांबेरा पडला, तेव्हा मुलींनी खालची पाने खुडून जाळली.

त्याच दिवसांत एका मुलीची आजी भीमाशंकराकडच्या वाडीवरून आली. फुलाच्या मधला दांडा निरखून म्हणाली, “बाई, ही तं अंबाडीची भैन!” मी पुस्तक उघडून पाहिले. गुलखैरा, अंबाडी, भेंडी, कापूस, जास्वंद, सगळी एकाच कुळातली. पदविका मी धर्मशास्त्राची घेतली. झाडांचे मला आजींकडूनच शिकावे लागते.

मी सहज विचारले, “तुमच्या बांधाला अंबाडी असेलच?” आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “बी मोडलं.” दोन वर्षे घरचे सगळे दिवाळीआधीच नारायणगावकडे मजुरीला गेले होते. बोंडे वाळून बी धरायचे तेच दिवस. ते धरायला घरी कोणी उरले नव्हते. पानांची भाजी गेली, वाखाचे दोरही गेले.

शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जमवून बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमचे काम त्यापुढे मूठभरच. मेच्या सुट्टीत मुलींना सांगितले, घरोघरी अंबाडी विचारा. चौदा जणी रिकाम्या हाताने आल्या. एकीने मात्र मावशीकडून ओंजळभर आणली. जूनमध्ये ती कुंपणालगत पेरली. पावसाळाभर आठवड्यातून एकदा तिची आंबट भाजी ताटात होती, आणि मुली ती मागून घेत होत्या. आता बोंडे वाळू लागली आहेत.

तुमच्याही माहेरी, आजोळी कुणाच्या उतरंडीत जुने बी असेल, तर ते आणा. दुकानातले पाकीट नको.

परवा त्या आजी पुन्हा आल्या. अंबाडीची पुडी त्यांच्या हातावर ठेवली, तीही वर्तमानपत्राचीच. त्यांनी ती पदराला गाठ मारून बांधली आणि हळूच म्हणाल्या, “तिच्या भैनीचं पण चार दाणं दे.”